‘एसओएस ओपन’ म्हणजे काय, डॉक्टर?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन दिवसांवर आली होती. डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान येऊन पडलं होतं आणि माझ्या नर्सिंग होममधल्या निम्म्या सिस्टर रजेच्या अर्जावर सही घ्यायला दारात उभ्या होत्या. तेवढ्यात पोस्टमन आला. जाड पाकीट, पर्वरीहून आलेलं. पाठवणारे: उत्तर गोवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पोचपावतीवर सही केली आणि सवयीने खाली तारीख घातली, १६ सप्टेंबर २०२३.

मी जनरल सर्जन. बारा खाटांचं नर्सिंग होम चालवतो. पंचवीस वर्षांत माझ्यावर कुणी तक्रार केली नव्हती. पुढची पावणेदोन वर्षं जे घडलं ते लिहून ठेवतोय, कारण पाकीट हातात पडलं त्या दिवशी मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक डॉक्टरांना आजही नाही. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ऑपरेशन जुलै २०२२ चं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, मधुमेह, पित्ताशयात खडे, दोनदा दुखून गेलेलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. आत गेल्यावर सगळं एकमेकांना चिकटलेलं. पित्ताशयाच्या मुळाशी जिथे नळी आणि रक्तवाहिनी वेगळी दिसायला हवी, तिथे दगडासारखा घट्ट गोळा. अशा वेळी हट्टाने दुर्बिणीतूनच काम रेटलं तर मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचा धोका असतो, आणि ती इजा पेशंटला आयुष्यभर पुरते. मी थांबलो, बरगडीखाली छेद घेतला आणि ऑपरेशन उघडं करून संपवलं. तो निर्णय बरोबर होता असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. नंतर जखमेत पू झाला. दोन दिवसांत घरी जायच्या त्या नवव्या दिवशी घरी पोचल्या. बिलही वाढलं.

ड्रेसिंगला यायच्या तेव्हा एकदा त्या म्हणाल्या होत्या, “दोतोर, म्हाका कोणेंच सांगूंक ना.” मला कुणीच सांगितलं नाही. मी टाके बघत होतो. मला वाटलं, दुखतंय म्हणून बोलतायत. “बरें जातलें, मावशे,” म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्या वाक्याचा अर्थ मला चौदा महिन्यांनी तक्रारीच्या तिसऱ्या पानावर कळला: पोट उघडावं लागेल हे कुणालाच सांगितलं नाही, असा आरोप होता.

खरं तर पाकिटाआधी दोन इशारे येऊन गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा मुलगा केसपेपरच्या प्रती मागणारा अर्ज देऊन गेला. रिसेप्शनवर तो अर्ज ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि प्रती अकराव्या दिवशी गेल्या. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे. मी तो नियम शिकताना कधीतरी वाचला असेन, रिसेप्शनवरच्या मुलीला मात्र कधीच सांगितला नव्हता. फेब्रुवारीत वकिलाची नोटीस आली. एका ज्येष्ठ मित्राने सांगितलं, “उत्तर देऊ नकोस, आपोआप थंड होतं.” मी ऐकलं. तो सल्ला प्रेमापोटी दिलेला होता आणि पूर्ण चुकीचा होता.

पाकीट आलं त्या संध्याकाळी माझी बायको, जी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, एवढंच म्हणाली, “पॉलिसी कुठाय?”

प्रोफेशनल इन्डेम्निटीची, म्हणजे पेशंटने भरपाई मागितली तर उपयोगी पडणारी विमा पॉलिसी मी दरवर्षी भरत होतो, वाचत नव्हतो. त्या रात्री वाचली. पॉलिसी ऑपरेशनच्या दिवशी चालू असून भागत नाही. क्लेम येतो त्या दिवशीही ती चालू असावी लागते, आणि ज्या उपचारावरून तक्रार आहे तो पॉलिसीवर छापलेल्या ‘मागच्या तारखे’नंतरचा, म्हणजे जिथपासूनचे उपचार पॉलिसीत धरले जातात त्या तारखेनंतरचा असावा लागतो. माझी पॉलिसी २०११ पासूनची, पण २०२० साली कोविडच्या गडबडीत नूतनीकरण तीन आठवडे लांबलं होतं. त्या खंडामुळे मागची तारीख २०११ ची न राहता ऑगस्ट २०२० झाली होती. म्हणजे आधीची नऊ वर्षं उघडी पडली होती आणि मला पत्ता नव्हता. हे ऑपरेशन २०२२ चं म्हणून वाचलो. इन्शुरन्सवाल्यांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला: फेब्रुवारीची नोटीस तुम्ही आम्हाला का कळवली नाही? तो प्रश्न मिटायला तीन पत्रं लागली. तुमच्याकडे साधी वकिलाची नोटीस आली तरी त्याच आठवड्यात इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय पेशंटला पैसे देण्याचं कबूल करू नका, नाहीतर पॉलिसी असून नसल्यासारखी होते.

वकील शोधायला आम्ही म्हापशाला गेलो. इन्शुरन्सच्या यादीत वकील असतात, पण डॉक्टरांच्या केसेस चालवणारा माणूस मला हवा होता. एका मैत्रिणीने ज्यांचं नाव दिलं त्या बाई पन्नाशीच्या. कोर्टाजवळच ऑफिस. त्यांनाच नेमायची परवानगी कंपनीकडून मागून घेतली. मी बसल्या बसल्या ऑपरेशनची हकीकत सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

“डॉक्टर, आधी तारीख. पाकीट कधी मिळालं?”

मी पावती दाखवली. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि १६ ऑक्टोबरवर गोल केला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, आयोगाने दिले तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ४ मार्च २०२० ला हे पक्कं करून टाकलंय. त्यानंतर तुमचं म्हणणं कितीही खरं असलं तरी लेखी स्वरूपात ते रेकॉर्डवर येत नाही. “माझ्याकडे डॉक्टर येतात ते पन्नासाव्या दिवशी,” त्या म्हणाल्या, “आणि सांगतात, मॅडम, ऑपरेशनं होती, वेळ मिळाला नाही.” मी तिसऱ्या दिवशी गेलो होतो, तेही बायकोमुळे.

माझ्या मनात मात्र एकच भीती होती, पोलिसांची. ती त्यांनी लगेच दूर केली. दारं तीन: आयोगात नुकसानभरपाई, मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणीचा आणि वर्तणुकीचा प्रश्न, आणि फौजदारी. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा अतिशय ठळक हवा, पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये. आमच्या प्रकरणात फक्त पहिलं दार उघडलं होतं. तेही १९९५ पासून उघडंच आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ आहे असं व्ही. पी. शांता निकालात ठरलं तेव्हापासून.

“आता सगळे ओरिजिनल कागद उद्या आणा. एकाही पानाला हात लावायचा नाही.”

हे वाक्य मला का लागलं ते सांगायला जड जातंय, पण सांगायलाच हवं. आदल्या रात्री मी माझी ऑपरेशन नोट काढून बसलो होतो. छोटीच होती, सात ओळींची. ‘घट्ट चिकटलेलं, म्हणून ओपन केलं’ एवढं होतं. नातेवाइकांना बोलावून सांगितल्याचं नव्हतं, आणि मी तर सांगितलं होतं! मुलाला ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराशी बोलावून सांगितलं होतं, मला स्पष्ट आठवत होतं. शेवटच्या ओळीखाली दोन बोटं जागा मोकळी होती. मी पेनाचं टोपण काढलं होतं. घडलेलीच गोष्ट लिहायची, खोटं काहीच नाही, असं मन सांगत होतं. काय कारणाने थांबलो ते नक्की सांगता येणार नाही. खाली वॉर्डातून हाक आली आणि मी उठलो.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी माझी ओरिजिनल नोट टेबलावर ठेवली आणि शेजारी तक्रारीला जोडलेली तिची प्रत ठेवली. जानेवारीत आम्हीच दिलेली, आमच्याच शिक्क्याची. दोन्ही कागदांवरून त्यांनी ओळीओळीने बोट फिरवलं. सात ओळी, सात ओळी. खाली दोन बोटं कोरी जागा, दोन्हीकडे. “चांगलं,” त्या म्हणाल्या. माझ्या तळव्यांना घाम फुटला होता. ती एक ओळ लिहिली असती तर बाकीच्या सगळ्या खऱ्या कागदांवरचा विश्वास गेला असता.

मग त्यांनी सगळं वाचलं, दोन तास. भूलतज्ज्ञांचा चार्ट, ओटी रजिस्टर, औषधांचा तक्ता, शुगरच्या नोंदी, बिलं. नर्सिंग नोट्सवर आल्या आणि थांबल्या. वाळपईकडच्या आमच्या एका सिस्टरने लिहिलं होतं: ‘११.४० – डॉक्टरांनी मुलाला बोलावून ओपन करावं लागेल असं सांगितलं. मुलगा हो म्हणाला.’ साध्या निळ्या पेनाने, तिरक्या अक्षरात, वेळ घालून, खाली सही करून. मी जे लिहायला हवं होतं ते तिने लिहून ठेवलं होतं. त्या वेळी तिचा पगार किती होता ते मला आठवलं आणि मला नीट बसवेना.

मला वाटलं, सुटलो. वकीलबाईंनी मान हलवली. “याने ‘कुणालाच सांगितलं नाही’ हा आरोप ढिला पडतो. पण संमती मुलाची नव्हे, बाईंची लागते.” समीरा कोहली निकाल, जानेवारी २००८: सज्ञान, शुद्धीवर असलेल्या पेशंटची संमती तिच्याचकडून घ्यायची. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईचा होकार सुप्रीम कोर्टाने धरला नाही, कारण जीव वाचवायची घाई नव्हती. आमच्याकडे मुलगा, तिथे आई, एवढाच फरक.

“माझ्याकडे बाईंचीही सही आहे,” मी म्हटलं आणि संमतीपत्र पुढे केलं. छापील इंग्रजी फॉर्म, त्यात मी हाताने भरलेलं ऑपरेशनचं नाव, आणि पुढे माझ्या नेहमीच्या घाईच्या अक्षरात: ‘एसओएस ओपन’. गरज पडली तर उघडं. आम्ही सर्जन हे रोज लिहितो.

त्यांनी चष्मा काढला. “‘एसओएस ओपन’ म्हणजे काय, डॉक्टर? मी वकील आहे, मला कळलं नाही. तुमच्या मावशींना कुणी समजावलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बाई मराठी चौथी शिकलेली. घरी कोकणी. सही देवनागरीत, अक्षरं सुटी सुटी काढलेली. फॉर्म इंग्रजी. समजावलं का? ओपीडीत मी ‘दुर्बिणीतून करू, चार भोकं’ असं नक्की सांगितलं असणार, ते मी सगळ्यांना सांगतो. पोट उघडावं लागण्याच्या शक्यतेबद्दल बोललो का? बोललो असेन. तशी नोंद कुठेच नव्हती.

लेखी म्हणणं आम्ही २७ व्या दिवशी दाखल केलं. त्यात मला एकही वाक्य खोटं लिहावं लागलं नाही, याचं श्रेय वकीलबाईंना. ‘समजावून सांगितलं’ असं ठोकून द्यायला त्यांनी नकार दिला. जे कागदावर आहे तेवढंच, आणि जे माझ्या नेहमीच्या पद्धतीत बसतं ते ‘नेहमीची पद्धत’ म्हणून. उपचाराच्या बाजूने आम्ही भक्कम होतो: दोन सर्जनांची प्रतिज्ञापत्रं, पाठ्यपुस्तकांतली पानं, आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीचा रिपोर्ट. जुनाट सूज आणि दाट तंतू झाल्याचं त्यात पॅथॉलॉजिस्टने स्वतंत्रपणे लिहिलं होतं. काढलेला प्रत्येक अवयव तपासणीला पाठवा, हजार-दीड हजार वाचवू नका, हे मी आता प्रत्येक तरुण सर्जनला सांगतो.

पहिल्या तारखेला पर्वरीला बाकावर मावशी बसल्या होत्या, मुलाशेजारी. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून त्यांनी एक छोटी बाटली काढून हातात धरली. आमच्याच हॉस्पिटलातली, आत त्यांचे पित्ताशयातले खडे. ऑपरेशननंतर मीच त्यांना दिली होती, ‘बघा, एवढे होते’ म्हणून. आमची नजरानजर झाली तेव्हा त्यांनी सवयीने हात जोडले. मीही जोडले. मग दोघांनीही मान फिरवली.

त्या दिवशी आयोगाने मध्यस्थीबद्दल विचारलं. कायद्यात ती सोय आहे. दोन्ही पक्षांनी पाच दिवसांत लेखी संमती दिली तर प्रकरण मध्यस्थाकडे जातं. मला जायचं होतं. मला त्यांच्यासमोर बसून कागदावर चित्र काढून दाखवायचं होतं की आत काय दिसलं आणि मी का थांबलो. त्यांचा मुलगाही तयार दिसत होता. पण कंपनीच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नव्हती, आणि कंपनीचा मेल नवव्या दिवशी आला, त्यातही ‘विचाराधीन’ असा शब्द. मला याची अजून चुटपुट लागून आहे. तो दिवस सुटला नसता तर आम्ही दोघंही दीड वर्ष आधी मोकळे झालो असतो. आज पाकीट आलं तर मध्यस्थीची परवानगी मी पहिल्याच पत्रात मागून ठेवेन.

पुढे पुरावे, उलटतपासणी, युक्तिवाद. आयोगात उलटतपासणी बहुतेक वेळा तोंडी नसते, प्रश्नावली येते आणि प्रतिज्ञापत्रावर उत्तरं द्यायची. मला बावीस प्रश्न आले. चौदावा तोच: ‘एसओएस ओपन’ याचा अर्थ तक्रारदाराला समजेल अशा भाषेत सांगितल्याची नोंद कोणत्या पानावर आहे? मी लिहिलं, ‘अशी नोंद नाही.’ तीन शब्द लिहायला मला एक संध्याकाळ लागली असेल. तारखा पडत राहिल्या. डिचोलीहून म्हापसामार्गे पर्वरी, सकाळची ओपीडी बंद, अर्धा दिवस गेला. कायदा तीन ते पाच महिने म्हणतो. आमचा निकाल जून २०२५ मध्ये लागला.

ऑपरेशनच्या पद्धतीत, उघडं करण्याच्या निर्णयात, जखमेच्या उपचारांत हलगर्जीपणा नाही. संमती समजावून घेतल्याचा पुरावा नाही, आणि कागद द्यायला उशीर केला, या दोन गोष्टींत सेवेत त्रुटी. भरपाई चाळीस हजार, खर्चाचे दहा हजार.

राज्य आयोगात अपिलाला पंचेचाळीस दिवस होते, निम्मी रक्कम भरून. मुद्दे आहेत, असं वकीलबाई म्हणाल्या. फॉर्मवर सही आहे, मुलाचा होकार आहे. मित्रांनी आग्रह केला, तुझ्या नावावर डाग राहील. मी निकालातला संमतीबद्दलचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. त्यात चुकीचं असं मला काही सापडलं नाही. अपील केलं नाही. भरपाई कंपनीने दिली. वकिलांच्या फीपैकी जो भाग त्यांच्या दरात बसला नाही तो मी भरला.

नवा फॉर्म आम्ही त्याआधीच केला होता. मराठी आणि कोकणी, मोठी अक्षरं, ‘एसओएस’ हा शब्द कुठेच नाही. मध्ये पोटाचं रेखाचित्र आहे. शेवटच्या तीन ओळी कोऱ्या, त्या पेशंटने स्वतःच्या हाताने लिहायच्या. लिहिता येत नसेल तर तो बोलेल ते सिस्टर लिहिते, त्याला वाचून दाखवते आणि मग अंगठा. वाळपईकडची ती सिस्टर आता हे काम बघते. मी ओपीडीत सांगतो, ती वॉर्डात पुन्हा विचारते, ‘डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा.’ निम्म्या वेळा पेशंट अर्धंच सांगतो. मग मी परत जातो.

परवा साखळीची एक बाई याच ऑपरेशनसाठी आली. चित्रावर मी आधी चार ठिपके काढले, मग बरगडीखाली तिरकी रेघ. ती बराच वेळ रेघेकडे बघत राहिली. मग स्वतःच्या साडीवरून तिथेच बोट फिरवून म्हणाली, “इतलो व्हडलो?” मी हो म्हटलं. ती घरी विचारून येते म्हणाली. चार दिवसांनी आली आणि कोऱ्या ओळींवर स्वतः लिहिलं: ‘गरज पडल्यार पोट उकतें करून ऑपरेशन करूंक म्हजी हरकत ना.’